सक्ती गेली, शर्यत राहिली

१९७६ च्या जून महिन्यात आइल ऑफ मॅन या बेटावर मोटरसायकलींची ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतील एक शर्यत म्हणून अखेरची धावली. १९४९ साली ही मालिका सुरू झाली तेव्हापासून ब्रिटनच्या वाट्याची शर्यत म्हणजे ही टी. टी., असे समीकरण होते. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने ते मोडले आणि १९७७ च्या ऑगस्टपासून ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त धावपट्टीवर भरू लागली. या घटनेला आता सुमारे अर्धशतक लोटले आहे. तरीही मोटरसायकलींच्या शौकिनांत तिच्यावरून होणारे वाद शमलेले नाहीत. महासंघाने परंपरेचा गळा घोटला असे एक पक्ष म्हणतो, तर महासंघाने केले ते थोडेच, ती शर्यत मुळापासून बंद व्हावयास हवी होती असे दुसरा म्हणतो. आमच्या मते हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. प्रश्न शर्यत चांगली की वाईट हा नव्हता. ती धावणे कोणावर सक्तीचे असावे की नाही, एवढाच होता.

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या समुद्रातले हे बेट ५७२ चौरस किलोमीटरचे. आपल्या गोव्याचे सहा समान भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही ते लहानच भरेल. वस्ती चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. टिनवॉल्ड नावाचे त्याचे स्वतःचे कायदेमंडळ आहे आणि ते हजार वर्षांहून जुने असल्याचा अभिमान बेटवासी बाळगतात. शर्यतीचा जन्म या स्वायत्ततेतूनच झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये ताशी वीस मैलांची वेगमर्यादा होती आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यती भरविण्यास मनाई होती. टिनवॉल्डने १९०४ साली वेगळा कायदा करून शर्यतींसाठी रस्ते बंद करण्याची मुभा दिली. मोठ्या शेजाऱ्याने जे नाकारले ते छोट्याने देऊ केले, आणि १९०७ मध्ये पहिली टी. टी. झाली. त्या वर्षी एका सिलिंडरच्या गाड्यांत मॅचलेस गाडीवरील चार्ली कॉलियर विजयी झाला. त्याचा सरासरी वेग ताशी अडतीस मैलांच्या थोडा वर होता. दोन सिलिंडरच्या गाड्यांत नॉर्टनवरील रेम फाउलर जिंकला. ही नॉर्टन कंपनी २०२० साली तामिळनाडूतल्या टी. व्ही. एस. मोटरने विकत घेतली, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. साम्राज्याच्या घड्याळाचे काटे असे उलटेही फिरतात.

ज्या मार्गावर १९११ पासून ही शर्यत धावते तो ‘माउंटन कोर्स’ एका फेरीत ३७.७३ मैलांचा, म्हणजे साठ किलोमीटरहून थोडा अधिक आहे. पणजीहून मडगावला जाऊन जवळजवळ परत यावे एवढे हे अंतर. वळणे दोनशेहून जास्त. डग्लस शहरातून निघालेला रस्ता ब्रे हिलच्या उतारावरून घरांच्या दारांना घासून खाली येतो, बॅलॉच्या पुलावर गाडीची दोन्ही चाके जमीन सोडतात, सल्बीच्या सरळ पट्ट्यावर वेग शिगेला पोचतो, आणि रॅम्झीपासून रस्ता पहाडावर चढतो. हा धावपट्टीवाला रस्ता नव्हे. वर्षातले उरलेले दिवस त्यावरून दूधवाला, पोस्टमन आणि शाळेची बस जाते. आपल्या गावांतून दोन गडग्यांमधून जाणारी अरुंद वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिकडच्या दगडी भिंती डोळ्यांपुढे आणण्यास श्रम पडणार नाहीत. अशा वाटेवरून २०२३ साली पीटर हिकमनने एक फेरी सोळा मिनिटे छत्तीस सेकंदांत पुरी केली. सरासरी वेग ताशी १३६ मैलांहून अधिक. त्या वेगात चूक झाली तर घसरत जाऊन थांबण्यासाठी मोकळी जागा नाही. तेथे भिंत आहे, खांब आहे किंवा कोणाचे तरी घर आहे.

एवढे असूनही, किंबहुना एवढे असल्यामुळेच, टी. टी. जिंकल्यावाचून मोटरसायकलीच्या कारखान्याला जगात पत मिळत नसे. सोइचिरो होंडा यांनी १९५४ सालीच आपण या शर्यतीत उतरणार असे जाहीर केले होते. त्या वेळी त्यांच्या कंपनीचे नाव जपानबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १९५९ मध्ये त्यांचा संघ आला आणि त्याच बेटावरच्या क्लिप्स नावाच्या आखूड मार्गावर १२५ सी. सी.च्या शर्यतीत सहावा, सातवा, आठवा आणि अकरावा क्रमांक मिळवून संघाचे पारितोषिक घेऊन गेला. दोनच वर्षांनी माइक हेलवुडने होंडावर दोन शर्यती जिंकल्या आणि ब्रिटिश कारखानदारांच्या पायाखालची वाळू सरकली. पुढे १९८४ मध्ये झालेल्या हीरो समूहाच्या भागीदारीतून होंडाची गाडी आपल्याकडे बनू लागली आणि गावोगावच्या रस्त्यावर दिसू लागली. आपल्या पायलटांनी ज्या गाड्यांवर आयुष्ये काढली, त्यांपैकी काहींच्या कीर्तीचा उगम शोधीत गेले तर तो या बेटापर्यंत पोचतो.

परंतु कीर्तीच्या याच वहीत दुसरीकडे मृत्यूंची नोंदही होत होती. १९७० च्या टी. टी.त सहा स्वार दगावले. त्यांत सांतियागो एरेरो हा स्पॅनिश स्वारही होता. तो २५० सी. सी.च्या गटात अजिंक्यपदाचा उमेदवार मानला जात होता. आणि मग ९ जून १९७२ चा तो शुक्रवार उजाडला. पहाडावर पाऊस आणि धुके होते. १२५ सी. सी.च्या शर्यतीत इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती आघाडीवर होता. त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यातही तोच पुढे होता. टी. टी.त उतरण्याची त्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या फेरीत ‘व्हरांडा’ नावाच्या वळणमालिकेत त्याची गाडी घसरली आणि तो प्राणास मुकला.

पार्लोत्तीचा मित्र आणि देशबंधू जाकोमो अगोस्तिनी त्याच दिवशीच्या सीनियर शर्यतीत उतरला आणि जिंकला. टी. टी.तील तो त्याचा दहावा विजय. त्यानंतर त्याने सांगितले की, आपण या बेटावर पुन्हा शर्यतीला येणार नाही; आणि शब्द पाळला. त्याच्यामागून फिल रीडसारखे आणखी काही नामवंत दूर झाले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, अगोस्तिनी हा या मार्गावर हरलेला, चिडलेला किंवा भ्यालेला स्वार नव्हता. दहा वेळा जिंकलेल्या माणसाच्या नकाराला भित्रेपणाचे नाव देता येत नाही, म्हणूनच त्या नकाराने महासंघाची पंचाईत केली. आणि त्याचे म्हणणे शर्यत बंद करा असे नव्हते. ज्याला धावावयाचे त्याने धावावे. परंतु अजिंक्यपदासाठी ती धावणे भाग पाडू नका, एवढेच ते होते.

पार्लोत्तीची गोष्ट या म्हणण्याचा पुरावा आहे. या मार्गाची ओळख होण्यास वर्षे लागतात असे जुने स्वार सांगतात. दोनशेहून अधिक वळणे, त्यांतली कितीतरी एकमेकांसारखी दिसणारी, आणि सराव मोजक्या दिवसांचा. असा मार्ग पुरता अंगवळणी पडलेला नसताना, पावसात, धुक्यात, आघाडी न सोडता धावण्याचे कारण काय? पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १० हे कारण. शर्यत सोडून दिली तर प्रतिस्पर्धी गुण घेऊन पुढे जाणार, आणि वर्षभराची मेहनत मातीमोल होणार. साहसाची हौस असलेला मनुष्य धोका स्वतः निवडतो. येथे धोका गुणतक्ता निवडत होता आणि मनुष्य त्याच्यामागे फरपटत जात होता. जागतिक स्पर्धा म्हणजे सर्वांना सारख्या अटींवर एकत्र आणण्याचा करार. त्या करारातच, आमच्या शर्यतीत मराल तरी चालेल पण चुकवाल तर गुण बुडतील, असे कलम असावे हे न्यायाला धरून नव्हते.

तरीही महासंघाने काय केले? चार वर्षे काहीच केले नाही. १९७३, ७४, ७५, ७६, दर साली टी. टी. मालिकेत होती, आणि दर साली जगातले पहिल्या प्रतीचे स्वार तिच्याकडे पाठ फिरवीत होते. गोष्ट अशा थराला गेली की १९७६ मध्ये ५०० सी. सी. गटाचा जगज्जेता ठरलेला बॅरी शीन हा इंग्रज, आपल्याच देशाच्या वाट्याच्या शर्यतीत उतरला नाही. १९७१ मध्ये एकदाच तो त्या मार्गावर धावला आणि क्वार्टरब्रिजच्या वळणावर पडला; त्यानंतर तिकडे फिरकला नाही. ज्या शर्यतीला जगज्जेता येत नाही ती शर्यत जगज्जेतेपद ठरविणार, हा विनोद महासंघाला चार वर्षे दिसला नाही. त्या अखेरच्या १९७६ च्या सीनियर शर्यतीतही पराक्रम कमी नव्हता. जॉन विल्यम्सने ताशी ११२ मैलांहून अधिक वेगाची विक्रमी फेरी मारली आणि आघाडीवर असताना शेवटच्या गव्हर्नर्स ब्रिजपाशी त्याची गाडी बंद पडली. ती ढकलीत ढकलीत त्याने शर्यत पुरी केली आणि सातवा आला. विजय टॉम हेरनच्या पदरी पडला. या दोघांचीही अखेर पुढे रस्त्यांवरच्या शर्यतींतच झाली: विल्यम्सची १९७८ मध्ये अल्स्टरला, हेरनची १९७९ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ‘नॉर्थ वेस्ट २००’ मध्ये.

निर्णय घेतल्यावरही महासंघाला तो निखळपणे पेलवला नाही. एका हाताने टी. टी. मालिकेतून काढली आणि दुसऱ्या हाताने ‘फॉर्म्युला टी. टी.’ नावाचे नवे जागतिक अजिंक्यपद बेटाला देऊन टाकले. पहिली दोन वर्षे तर हे अजिंक्यपद त्या एकाच शर्यतीवर ठरत होते. एक शर्यत, एक विजेता आणि तोच जगज्जेता! रुसलेल्या पोराच्या हातावर ठेवलेला हा खाऊ होता, आणि १९९० नंतर तोही बंद झाला. बेटाला अशा सांत्वनाची गरज नव्हती हे काळाने दाखवून दिले.

टी. टी.च्या कैवाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र विचारात घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, मृत्यू काय बंदिस्त धावपट्टीवर येत नाही? १९७३ च्या मे महिन्यात इटलीतल्या मोंझा येथे एकाच अपघातात रेंझो पासोलिनी आणि यार्नो सारिनेन हे दोघे मातब्बर स्वार ठार झाले. मोंझा तर शर्यतींसाठीच बांधलेली धावपट्टी. आणि चौदा टी. टी. जिंकून सुखरूप राहिलेला हेलवुड? १९८१ च्या मार्चमध्ये तो मुलांना घेऊन घराजवळच्या दुकानातून खाण्याचे आणावयास मोटारीने निघाला. चुकीच्या ठिकाणी वळणाऱ्या एका ट्रकवर त्याची मोटार आदळली आणि त्यात तो आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी, दोघेही गेली. हे सर्व खरे आहे आणि मन विषण्ण करणारे आहे. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मोंझाच्या धावपट्टीवर भिंत मागे सरकवता येते, वाळू पसरता येते, वळण बदलता येते; पुढील काळात युरोपातल्या धावपट्ट्यांवर हे झाले आणि ग्रां प्रीतले मृत्यू विरळ झाले. बेटावरची भिंत मागे सरकवावयाची तर कोणाचे तरी घर पाडावे लागेल. जेथे सुधारणा होऊ शकते आणि जेथे ती होऊच शकत नाही, अशा दोन ठिकाणांना एका मापाने मोजता येणार नाही. टी. टी. एकटीच वगळली गेली असेही नाही. अल्स्टरचा डन्ड्रॉड मार्ग १९७१ नंतर, युगोस्लाव्हियाचा समुद्रकाठचा ओपातिया १९७७ नंतर, फिनलंडचा इमात्रा १९८२ नंतर, असे गावांमधून जाणारे रस्ते एकेक करून मालिकेबाहेर गेले.

गुण गेले की शर्यत मरेल, असे भाकीत पुष्कळांनी केले होते. ते सपशेल खोटे ठरले. बहिष्कार घालणारा फिल रीड १९७७ मध्ये आपण होऊन परत आला आणि दोन शर्यती जिंकून गेला. १९७८ मध्ये अडतिसाव्या वर्षी, अकरा वर्षांच्या खंडानंतर हेलवुड डुकाटीवर बसून आला, जिंकला, आणि बेटावर लोटलेल्या गर्दीने त्याला डोक्यावर घेतले. जोई डनलॉपने सव्वीस शर्यती जिंकल्या. त्याचा विक्रम २०२४ मध्ये त्याच्याच पुतण्याने, मायकेल डनलॉपने मोडला. यांपैकी कोणालाही ग्रां प्रीच्या गुणांनी तेथे ओढून आणले नव्हते. सक्ती गेली तेव्हा शर्यतीला तिचे खरे प्रेमी कोण ते कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर आम्ही महासंघाच्या निर्णयाची बाजू घेतली. पण ती घेताना एका कटू सत्याकडे डोळेझाक करणे आम्हांस शक्य नाही. गुण काढून घेतल्याने बेटावरचे मृत्यू थांबले नाहीत. मरणारे बदलले, एवढेच. टी. टी. आणि त्याच मार्गावरील इतर शर्यती मिळून आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी तेथे प्राण गमावले आहेत आणि त्यांतले कितीतरी १९७६ नंतरचे आहेत. २०२२ च्या शर्यतींनी सहा जणांचा बळी घेतला. त्यांत साइडकारच्या शर्यतीत एकत्र उतरलेले बापलेक होते, आणि त्यांचा अपघात झाला ती जागा ‘अ‍ॅगोज लीप’ म्हणून ओळखली जाते. उंचवट्याला मिळालेले हे नाव अगोस्तिनीचे आहे. पन्नास वर्षांपूर्वी जो ‘मी येणार नाही’ म्हणून निघून गेला, त्याच्या नावाच्या जागी ही गोष्ट घडावी!

स्वेच्छा हा शब्द म्हणूनच पुरेसा नाही. आपल्याकडे शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड होमकुंडातून चालत जातात. ते व्रत आहे. कोणी कोणाला त्या निखाऱ्यांवर ढकलीत नाही, आणि म्हणून त्याविषयी आपल्या मनात आदर असतो. परंतु २०२५ च्या मे महिन्यात त्याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली, तेव्हा ते स्वेच्छेने आले होते हे उत्तर कोणी देऊ शकले नाही, आणि दिले असते तर आपण ऐकून घेतले नसते. निखाऱ्यावर पाऊल टाकणे हा भक्ताचा निर्णय. वाट किती रुंद, गर्दी किती, बाहेर पडण्याचा मार्ग कोठे, हा भरविणाऱ्यांचा. बेटाच्या बाबतीतही हाच भेद करावा लागेल. अजिंक्यपदाची मालिका निघून गेल्यावर कोणाकडे बोट दाखविण्याची सोय उरली नाही. रस्ते बंद करणारा कायदा टिनवॉल्डचा, शर्यतीमागे उभा राहणारा पैसा बेटाच्या सरकारचा, आणि पाहुण्यांपासून होणारी मिळकतही बेटाची. स्वस्त विमानप्रवासाने ब्रिटिश कुटुंबे स्पेनच्या किनाऱ्याकडे वळली आणि डग्लसची खाणावळवजा घरे ओस पडू लागली. त्यानंतर जूनमधला हा पंधरवडा बेटाला किती मोलाचा वाटत असेल हे पर्यटनावर जगणाऱ्या आपल्यासारख्या किनाऱ्याला समजावून सांगावयास नको. मिळकत घ्यावयाची आणि मृत्यूचा हिशेब मात्र स्वाराच्या नावावर मांडावयाचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

बेटवासीयांच्या पदरात आणखीही एक गोष्ट आम्ही घालतो. ते केवळ प्रेक्षक नाहीत. रस्ते बंद झाले की मार्गाच्या वेढ्यात राहणाऱ्यांची बाहेरची वाटच खुंटते; हा त्रास ते वर्षानुवर्षे सोसतात. वळणावळणांवर झेंडे घेऊन उभे राहणारे शेकडो मार्शल स्वयंसेवक असतात. आपल्याकडे २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. राज्यात सरकार बदलले आणि २०२४ च्या कार्यक्रमातून ती एका फटक्यात गेली. ती आली तेव्हा किती मान मिळेल आणि गेली तेव्हा किती पैसे वाचतील, याचीच चर्चा अधिक झाली. ज्यांचा रस्ता बंद होणार होता ते नागरिक दोन्ही वेळी वादाच्या काठावरच उभे होते. बेटावर निदान रस्ता, शर्यत आणि शोक ही तिन्ही एकाच समाजाची आहेत.

आणि तो समाज थोडाबहुत शिकला आहे, हेही नमूद करावयास हवे. नवख्या स्वाराला आता जाणत्या स्वारामागून मार्ग फिरविल्यावाचून वेगाने सोडीत नाहीत. २०२४ च्या टी. टी.त एकही स्वार दगावला नाही. पहाडावर धुके उतरले आणि जखमीला उचलून नेणारे हेलिकॉप्टर उडू शकत नसले, तर शर्यत सुरू केली जात नाही. हजारो माणसे छत्र्या उघडून भिंतींवर बसून राहतात, वेळापत्रक पुढे ढकलले जाते, कधी दिवसच्या दिवस वाया जातो. हवा निवळली नाही तर संध्याकाळी रस्ते मोकळे करून देतात आणि अडकून पडलेली मंडळी आपापल्या घरी जातात.